तुमच्या हातातले रूल बुक कुठल्या तारखेचे?

(शाखा कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात रेल्वे युनियनच्या सचिवांनी केलेले भाषण)



आज मला विषय दिला आहे तो नियम आणि तांत्रिक मानके कशी लिहिली जातात आणि कशी बदलतात हा. पगार, भरती, खासगीकरण हे प्रश्न पेटलेले असताना हा रुक्ष विषय कशाला, असे काही जणांना वाटेल. मी इंजिनियर नाही, मॅट्रिक झालेला माणूस आहे. पण कामगारांच्या चार्जशीटची उत्तरे लिहिता लिहिता मला एक गोष्ट पक्की कळली. आपल्या माणसाची नोकरी पुष्कळदा एखाद्या कागदाच्या तारखेवर टिकते किंवा जाते. म्हणून हा विषय साहेबलोकांचा नाही, आपला आहे.

प्रथम नियमांची उतरंड समजून घेऊ. सगळ्यात वर संसदेने केलेला रेल्वे कायदा, १९८९. तो १ जुलै १९९० पासून लागू झाला. त्याच्या कलम ६० खाली केंद्र सरकार गाड्या चालवण्याचे नियम करते. आपल्या हातात जे जनरल रूल्स आहेत ते १९७६ चे, म्हणजे १८९० च्या जुन्या कायद्याखाली झालेले. नवा कायदा आल्यावरही ते चालू राहिले. त्यांच्या खाली सब्सिडिअरी रूल्स, जे प्रत्येक झोनल रेल्वे आपापले करते. त्याच्या खाली प्रत्येक स्टेशनचे स्टेशन वर्किंग रूल्स. आणि सगळ्यात खाली रोज सुटणारी पत्रे, परिपत्रके आणि दोन-तीन खात्यांच्या सहीने निघणारे जेपीओ.

या उतरंडीचा कायदा साधा आहे : खालच्याने वरच्याला छेद द्यायचा नाही. सब्सिडिअरी रूल हा जनरल रूलशी विसंगत असता कामा नये, असे खुद्द जनरल रूल्समधल्या व्याख्येतच लिहिलेले आहे. म्हणजे विभागातल्या एखाद्या अधिकाऱ्याने पत्र काढून जनरल रूल बदलता येत नाही. जनरल रूल बदलायचा तर तो वरूनच, रीतसर अधिसूचनेनेच बदलतो. कुणी फोनवर सांगितले, कुणी व्हॉट्सॲपवर टाकले, म्हणून नियम बदलत नाही.

आता हे आपल्या अंगाशी कुठे येते ते पाहा. रेल्वे कायद्याचे कलम १७५ सांगते की ड्युटीवरच्या रेल्वे कर्मचाऱ्याने नियम किंवा हुकूम मोडून कोणाचा जीव धोक्यात घातला, तर त्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. खात्याची कारवाई वेगळीच. मग पहिला प्रश्न हाच येतो की मोडला म्हणता तो नियम नेमका कोणता? त्या दिवशी, त्या वेळी तो कोणत्या शब्दांत लागू होता?

जनरल रूल्सच्या दुसऱ्या प्रकरणातले पहिले तीन नियम प्रत्येक शाखा सचिवाला पाठ पाहिजेत. नियम २.०१ म्हणतो, ज्या कर्मचाऱ्यावर नियमांनी निश्चित जबाबदारी टाकली आहे, त्याला नियमांची प्रत किंवा त्याच्या कामापुरता भाग प्रशासनाने पुरवायचा. स्थानिक भाषेतल्या भाषांतराचीही त्यात तरतूद आहे. नियम २.०२ म्हणतो, अशी प्रत मिळालेल्या कर्मचाऱ्याने ती ड्युटीवर जवळ ठेवावी, सगळ्या दुरुस्त्या तिच्यात लावून ठेवाव्यात आणि वरिष्ठाने मागितल्यावर दाखवावी. आणि नियम २.०३ म्हणतो, प्रत किंवा भाषांतर मिळो अथवा न मिळो, कर्मचाऱ्याला आपल्या कामाचे नियम माहीत असलेच पाहिजेत.

हा शेवटचा नियम ऐकल्यावर आपले लोक हात टेकतात. म्हणतात, साहेब, मग संपलेच. पण वाक्य तिथे संपत नाही. त्याच वाक्यात पुढे म्हटले आहे की कर्मचाऱ्याला ते माहीत आहेत याची खात्री प्रशासनाने करायची. चौकशी अधिकारी वाक्याचा पहिला अर्धा वाचतो. दुसरा अर्धा वाचून दाखवणे हे आपले काम.

एका विभागात एका गेटमनला एस.एफ.-५ ची मोठी चार्जशीट मिळाली. आरोप असा की गेटच्या कामाची बदललेली पद्धत त्याने पाळली नाही. चार्जशीटच्या तिसऱ्या जोडपत्रात, जिथे कागदपत्रांची यादी असते तिथे, नुसते गेटचे वर्किंग रूल्स असे लिहिले होते. करेक्शन स्लिपचा नंबर नाही, तारीख नाही. मी त्याच्या बचावासाठी बसलो होतो. आम्ही तीनच कागद मागितले : ती स्लिप, ती ऑफिसातून निघाल्याची नोंद आणि ती गेटवर पोचल्याची सही. पहिले दोन मिळाले. तिसरा मिळाला नाही, कारण सही नव्हतीच. स्लिप ऑफिसात पडून होती आणि गेटवर जुनाच कागद टांगलेला होता. शेवटी ती मोठी शिक्षा टळली. त्यात माझी हुशारी काही नव्हती. बदल कसा व्हायला हवा याची रीत माहीत असली, की तो कुठे अडकला हे आपोआप दिसते.

आता करेक्शन स्लिप म्हणजे काय ते पाहू. पुस्तक पुन्हा छापायला वर्षे लागतात. तोपर्यंत थांबता येत नाही, म्हणून छापण्याच्या आगाऊ जी दुरुस्ती पाठवतात ती ॲडव्हान्स करेक्शन स्लिप. तिच्यावर अनुक्रमांक असतो, तारीख असते आणि नेमके कोणत्या परिच्छेदात काय करायचे ते असते. अमुक शब्दांऐवजी अमुक शब्द वाचावेत, अमुक पोट-परिच्छेद नव्याने घालावा, किंवा अमुक परिच्छेद वगळावा. बदल, भर आणि वगळ, एवढे तीनच प्रकार. स्लिप नुसती पुस्तकाच्या शेवटी चिकटवून उपयोग नाही. मूळ ओळीशेजारी पेनाने नंबर टाकला नाही, तर घाईत माणूस जुनीच ओळ वाचतो.

रुळाच्या कामाचे उदाहरण घ्या. आपले परमनंट वे मॅन्युअल १९८६ चे होते. पुढच्या चौतीस वर्षांत त्याला शंभरावर करेक्शन स्लिपा लागल्या. जून २०२० मध्ये ते नव्याने बांधून काढले आणि परिच्छेदांचे क्रमांकही बदलले. मधल्या काळात ज्याच्याकडे नुसते १९८६ चे पुस्तक होते त्याच्याकडे, खरे सांगायचे तर, नियम नव्हता. आणि आज जो जुन्या क्रमांकाचा आधार देऊन उत्तर लिहितो, त्याचे उत्तर फेटाळायला एक मिनिट पुरते.

नियमांनंतर मानके. मानक म्हणजे वस्तू कशी असावी, तिची मापे काय, ती तपासायची कशी, याचा ठरलेला कागद. रेल्वेत हे काम लखनौची आरडीएसओ करते. १९३० मध्ये निघालेले सेंट्रल स्टँडर्ड्स ऑफिस आणि १९५२ चे रेल्वे टेस्टिंग अँड रिसर्च सेंटर यांना एकत्र करून १९५७ मध्ये ती झाली. देशाच्या पातळीवर १९४७ मध्ये भारतीय मानक संस्था, म्हणजे आयएसआय, निघाली आणि १९८७ पासून तिचे काम भारतीय मानक ब्युरोकडे आले.

मानकाचा नंबर वाचायला शिका. रुळाचे मानक आहे आयआरएस टी-१२-२००९. आयआरएस म्हणजे इंडियन रेल्वे स्टँडर्ड, टी म्हणजे ट्रॅक, १२ हा त्याचा क्रमांक आणि २००९ हे आवृत्तीचे वर्ष. त्याआधीची आवृत्ती १९९६ ची होती. क्रमांक तोच, पण वर्ष बदलले की मजकूर बदलला. तुमच्या डोक्यावरच्या हेल्मेटचे मानक आयएस २९२५ : १९८४, त्याचेही तसेच. ड्रॉइंगवर आवृत्तीऐवजी ऑल्टरेशनचा नंबर असतो. ड्रॉइंग नंबर बरोबर पण ऑल्टरेशन जुने, असा माल आला तर तो नीट बसत नाही, आणि बसवणाऱ्याच्याच नावाने बोंब होते.

हे कागद तयार कसे होतात? रुळाच्या बाबतीत एखादी झोनल रेल्वे अडचण किंवा सूचना पाठवते. आरडीएसओ तिचा अभ्यास करते, गरज पडल्यास लाइनवर चाचणी घेते. मग विषय ट्रॅक स्टँडर्ड्स कमिटीपुढे येतो. तिथे निरनिराळ्या रेल्वेंचे वरिष्ठ अभियंते बसतात. कमिटी फक्त शिफारस करते, निर्णय रेल्वे बोर्डाचा. मानक ब्युरोची रीत जास्त उघडी आहे. तिच्या समितीत उत्पादक, ग्राहक, तज्ज्ञ आणि सरकारी खाती यांचे लोक असतात. समितीने मसुदा केला की तो सर्वांच्या सूचनांसाठी फिरवला जातो आणि त्यावर कोणीही नागरिक लेखी सूचना पाठवू शकतो. मानक निघाल्यावरही साधारण पाच वर्षांत त्याचा फेरविचार होतो : तसेच ठेवायचे, सुधारायचे की मागे घ्यायचे.

२०२१ मध्ये 'एक राष्ट्र एक मानक' योजनेखाली मानक ब्युरोने आरडीएसओला मानके तयार करणारी संस्था म्हणून मान्यता दिली. देशात अशी मान्यता मिळालेली ती पहिली संस्था. तेव्हा सरकारी निवेदनात सांगितले गेले की मानके ठरवताना उद्योग, शिक्षणसंस्था, प्रयोगशाळा आणि वापरणारे यांचा सहभाग राहील. बंधूंनो, त्यातला 'वापरणारे' हा शब्द लक्षात ठेवा. रोज सहा-सात किलोमीटर चालून क्लिपा ठोकणारा कीमन हा वापरणारा नाही तर कोण आहे? हातोड्याचा दांडा किती लांब असावा, थंडीत-पावसात बूट कसा टिकतो, सिग्नलच्या खांबावरची शिडी कुठे हलते, हे त्याला माहीत आहे. पण मसुद्यावर त्याचे मत कोणी विचारत नाही, आणि आपणही ते पाठवत नाही. माल पुरवणारा कारखानदार मात्र आपली सूचना न चुकता पाठवतो.

मसुदा वाचताना क्रियापदावर बोट ठेवा. इंग्रजी कागदात 'शाल' असेल तर ते बंधनकारक. 'शुड' असेल तर ती शिफारस. 'मे' असेल तर मर्जीचा मामला. कर्मचाऱ्याच्या कर्तव्याला सगळीकडे 'शाल' आणि साधने पुरवण्याच्या ठिकाणी 'मे', असे दिसले तर समजावे की इथे आपली सूचना जायला हवी. एका शब्दाच्या बदलासाठी मसुद्याच्या वेळी एक पत्र पुरते. कागद पक्का झाल्यावर तोच शब्द बदलायला दहा वर्षेही कमी पडतात.

बदल रीतीने न झाल्यास काय होते? २ जून २०२३ रोजी ओडिशात बहानगा बाजार स्टेशनवर अपघात झाला. २९० हून अधिक माणसे गेली. जुलै २०२३ मध्ये रेल्वेमंत्र्यांनी राज्यसभेत लेखी उत्तर दिले. स्टेशनच्या नॉर्थ सिग्नल गुमटीत पूर्वी केलेल्या सर्किटच्या फेरबदलातल्या आणि गेट नंबर ९४ च्या इलेक्ट्रिक बॅरियरच्या कामातल्या त्रुटींमुळे हा अपघात झाला, असे त्यात म्हटले आहे. सर्किटचा फेरबदल हाही कागदाचाच बदल असतो. आधी मंजूर नकाशा, मग तार, मग तपासणी आणि मग नव्या नकाशाची प्रत जागेवर. ही साखळी एका ठिकाणी तुटली, तर पुढे काम करणाऱ्याच्या हातात खोटा कागद असतो आणि त्याला ते ठाऊकही नसते. म्हणून ब्लॉक संपत आला, गाडी उभी आहे, कागद नंतर करू, असे कोणी म्हटले तर आपल्या माणसाने नम्रपणे पण ठामपणे नकार द्यायला हवा, आणि युनियनने त्याच्या पाठीशी उभे राहायला हवे.

आता आपापल्या शाखेत जाऊन काय करायचे ते सांगतो.

एक. प्रत्येक डेपो, केबिन, गेट आणि स्टेशनवर कोणती पुस्तके आहेत आणि त्यांना शेवटची कोणत्या नंबरची स्लिप लागली आहे, याची यादी करा. कायद्याच्या कलम ६० प्रमाणे या नियमांची प्रत स्टेशनवर ठेवून ती कोणालाही फुकट पाहू द्यायची आहे. साधा प्रवासी ती पाहू शकतो, मग आपल्याला कोण अडवणार?

दोन. स्लिप न वाचता, न समजता ॲशुरन्स रजिस्टरवर सही करू नका. ती सही म्हणजे 'मला हे समजले' असे लिहून देणे आहे. समजले नसेल तर समजावून मागा. नियम २.०३ प्रमाणे समजावणे हे वरिष्ठाचे काम आहे. आणि सहीखाली तारीख टाका.

तीन. मोबाईलवर पीडीएफ आली तर आधी नंबर, तारीख आणि कोणाच्या सहीने निघाली ते पाहा. या तीन गोष्टी नसतील तर ती बातमी आहे, नियम नव्हे.

चार. स्लिपा मराठीत, आणि जिथे आपली माणसे हिंदी, कन्नड, तेलुगू मुलखात काम करतात तिथे त्यांना समजणाऱ्या भाषेत मिळाव्यात, ही मागणी पीएनएममध्ये आयटम म्हणून घाला. ही यंत्रणा १९५२ पासून आहे. तिचा उपयोग फक्त बदल्या आणि क्वार्टर्सपुरता ठेवू नका.

पाच. प्रत्येक शाखेत दोन माणसे अशी तयार करा, जी मसुदे वाचतील, लाइनवरच्या लोकांना विचारतील आणि मुदतीत लेखी सूचना पाठवतील. पदवीधरच पाहिजे असे नाही. काम माहीत असलेला आणि चिकाटीने वाचणारा माणूस पाहिजे.

आपल्या आधीच्या पिढीने कामाचे तास लढून मिळवले. तेही शेवटी एका कागदावरच लिहिले गेले, म्हणून टिकले. कागद लिहिला जात असताना आपण तिथे नसू, तर तो आपल्याविरुद्धच वाचला जाईल. उद्या ड्युटीवर गेल्यावर पहिले काम हे करा : रूल बुक उघडा आणि शेवटची स्लिप कुठल्या तारखेची आहे ते पाहा.



कामगार एकजुटीचा विजय असो!