नमुन्याची मोटार



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपण आज येथे जमलो आहोत, त्यांच्या नावाने बोलावयास उभा राहणारा मराठीचा प्राध्यापक संतवाङ्मयावर किंवा निदान एखाद्या कादंबरीवर बोलेल, अशी आपली अपेक्षा असणार. संयोजकांना मी विषय कळविला तेव्हा काही क्षण पलीकडून आवाजच आला नाही. मग ‘सर, मोटारच ना?’ असे त्यांनी पुन्हा एकदा विचारून घेतले. होय, मोटारच. परंतु जी बाजारात आली, खपली आणि यथाकाल भंगारात गेली, तिच्याविषयी मला बोलावयाचे नाही. जी माणसाच्या हातून घडली, रस्त्यावर धावलीही, आणि तरीही कोणाला कधी विकत मिळाली नाही, अशा मोटारीची कथा मला सांगावयाची आहे. तीही परदेशातली नव्हे, आपल्या निपाणीपासून फार दूर नसलेल्या इचलकरंजीतली.

भाषेचा माणूस असल्याने प्रथम एका शब्दापाशी थांबतो. कारखान्यात मोठ्या प्रमाणावर माल काढण्यापूर्वी जी पहिली वस्तू हाताने बनवितात तिला आपण ‘नमुना’ म्हणतो. आणि चारचौघांसारखा न वागणारा, घरदार विसरून एखाद्या वेडापाठी लागलेला माणूस दिसला की त्यालाही आपण म्हणतो, ‘काय नमुना आहे!’ वस्तूला आणि ती घडविणाऱ्याला एकच शब्द लावण्याची ही सोय आपल्या भाषेने करून ठेवली आहे. तिच्यात थोडा आदर आहे आणि पुष्कळशी चेष्टा. माझ्या आजच्या कथानायकाच्या वाट्याला दोन्ही आले असले पाहिजे.

जगात अशा न निघालेल्या मोटारी शेकड्यांनी आहेत. मात्र त्यांच्यात एक भेद करावा लागतो. १९३८ साली अमेरिकेत जनरल मोटर्स कंपनीच्या हार्ली अर्ल या रचनाकाराने ब्यूक वाय-जॉब नावाची मोटार तयार केली. ती विकण्यासाठी नव्हतीच. लोकांनी पाहावी, भविष्यात मोटारी कशा असतील याचे स्वप्न त्यांना पडावे, एवढाच हेतू. अर्लसाहेब स्वतःच ती वापरीत. पुढे पन्नाशीच्या दशकात फोर्ड कंपनीने न्यूक्लिऑन नावाची कल्पना मांडली. मागच्या बाजूला छोटी अणुभट्टी आणि तिच्यावर चालणारी मोटार! ती छोट्या प्रतिकृतीच्या पुढे गेली नाही, हे मानवजातीचे भाग्यच. श्रीमंत कंपन्यांची ही स्वप्ने फसली तरी कोणाची चूल विझत नसे.

दुसरा प्रकार वेगळा. १९४८ साली प्रेस्टन टकर याने शिकागो येथे आपली मोटार काढली. तिला समोर मधोमध तिसरा दिवा होता, आणि चालक चाक वळवील तसा तो दिवाही वळे. प्रवाशांच्या सुरक्षिततेचा त्याने इतरांच्या पुष्कळ आधी विचार केला होता. परंतु भांडवल उभारताना फसवणूक केल्याचा आरोप त्याच्यावर आला, खटला उभा राहिला. १९५० च्या जानेवारीत तो निर्दोष सुटला, पण तोवर कारखाना बंद पडला होता. पहिला नमुना धरून एकंदर ५१ मोटारी झाल्या, तेवढ्याच. येथे फसते ते माणसाचे सारे आयुष्य. इचलकरंजीची कथा या दुसऱ्या जातीची आहे. फरक इतकाच की टकरपाशी निदान ५१ मोटारींचा हिशेब तरी होता.

इचलकरंजी हे यंत्रमागांचे गाव. १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी तेथे पहिला यंत्रमाग बसविला आणि गावाला यंत्राच्या खडखडाटाची सवय लागली. ज्या गावात पोरांच्या कानावर अंगाईबरोबर धोट्याचा आवाज पडतो, तेथे बिघडलेले यंत्र उघडून पाहण्याची भीती कोणाला वाटत नाही. कोल्हापूरकर बाबुराव पेंटरांनी चलच्चित्राचा कॅमेरा स्वतःच्या हाताने बनविला, तोही याच परिसरात आणि याच वृत्तीने. या मातीतच शंकरराव कुलकर्णी उभे राहिले. अभियांत्रिकीची पदवी त्यांच्यापाशी नव्हती. १९४५ च्या सुमारास, म्हणजे देश अजून पारतंत्र्यात असताना, सामान्य कुटुंबाला परवडेल अशी छोटी मोटार आपण बनवावयाची असे त्यांनी मनाशी घेतले. १९४९ मध्ये त्यांची पहिली दोन आसनी मोटार तयार झाली. तिचे नाव ‘मीरा’.

या नावावर मी पुष्कळ वेळा विचार केला आहे. त्या काळच्या मोटारींची नावे अशी नसत. विलायती कंपनीचे नाव किंवा राजदूताचा दर्जा, असे काही तरी भारदस्त लागे. ‘मीरा’ हे घरातल्या मुलीचे नाव आहे. हाक मारता येईल असे.

शंकरराव एका नमुन्यावर थांबले नाहीत. १९५१ मध्ये दुसरी आवृत्ती आली, १९६० मध्ये पुढची, आणि १९७० मध्ये आणखी सुधारलेली. ग्रंथाच्या आवृत्त्या निघतात तशा या आवृत्त्या; पण ग्रंथाची आवृत्ती संपते म्हणून दुसरी काढतात, येथे पहिलीची एकही प्रत विकली न जाता लेखक चौथ्या आवृत्तीचे मुद्रितशोधन करीत बसला होता. पंचवीस वर्षे! आम्ही पीएच. डी.ची पाच वर्षे काय ती भोगली तर त्याचे तुणतुणे जन्मभर वाजवितो.

मोटारीची रचना थोडक्यात सांगतो. इंजिन मागे बसविलेले होते. त्यामुळे पुढच्या इंजिनापासून मागच्या चाकांपर्यंत शक्ती नेणारा लांब दांडा लागत नाही. वजन वाचते, आतली जागा वाचते. दुसरी गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते. आपल्याकडच्या गाड्यांना पोलादी पाटे असत. पावसाळ्यात जांबोटीहून कणकुंबीकडे, चोर्ल्याच्या घाटाकडे जाणारा रस्ता ज्यांनी जुन्या काळी पाहिला आहे त्यांना पाटा तुटणे म्हणजे काय हे सांगावयास नको. गाडी जंगलात, माणसे पावसात, आणि पाटा बेळगावात. शंकररावांनी पाट्यांऐवजी धक्के झेलण्यासाठी रबराचा उपयोग केला आणि मोटारीतल्या सुट्या भागांची संख्या एकूणच कमी केली. जो भाग गाडीत नाहीच तो तुटत नाही, त्याला वंगण लागत नाही, आणि त्याचे पैसेही पडत नाहीत. किंमत सुमारे १२ हजार रुपये पडावी असा त्यांचा हिशेब होता. दिल्लीच्या कोणत्याही कचेरीत बसून हा विचार सुचला नसता. तो आपल्या रस्त्यांनी सुचविलेला आहे.

मग ही मोटार निघाली का नाही? आपल्या भागात याचे एक सोपे उत्तर चहाच्या टपरीवर मिळते. दिल्लीच्या राजपुत्राला छोटी मोटार काढावयाची होती, म्हणून मराठी माणसाची मोटार दाबली गेली, असे ते उत्तर. ते ऐकावयास गोड आहे, आणि त्यात काहीच तथ्य नाही असेही मी म्हणणार नाही. परंतु तारखा पाहाव्यात. १९५१ च्या उद्योग कायद्याने मोठा कारखाना काढावयाचा तर सरकारी परवाना आवश्यक झाला. १९५३ नंतर मोटारीचे भाग देशात बनविण्याचा कार्यक्रम नसलेल्या कंपन्यांना निघावे लागले, आणि मोटारींचा धंदा मोजक्या दोन-तीन घरांत राहिला. १९६० च्या सुमारास झा समितीने स्वस्त मोटारीची कल्पना उचलून धरली. तिच्यावर पुढे वर्षानुवर्षे चर्चा झाली आणि मोटार झाली नाही. म्हणजे संजय गांधींना १९७० साली मारुतीसाठी इरादापत्र मिळाले तेव्हा ‘मीरा’ एकवीस वर्षांची झाली होती. ती एकवीस वर्षे कोणी दाबली? कोणा एका माणसाने नव्हे. मोटार ही चैन आहे आणि गरीब देशाने पोलाद व परकी चलन तिच्यावर घालवू नये, असे मानणारी एक सबंध राज्यपद्धती त्यामागे होती. तिचा युक्तिवाद अगदीच पोकळ नव्हता. पण बारा हजारांच्या मोटारीला आणि श्रीमंतांच्या मोटारीला तिने एकाच तराजूत घातले.

आणि ज्यांना कृपा लाभली त्यांचे तरी काय झाले? मारुती लिमिटेडला १९७४ मध्ये वर्षाला ५० हजार मोटारींचा परवाना मिळाला. जमीन होती, सत्ता होती. तरीही मोटारी बाजारात आल्या नाहीत, आणि १९७८ मध्ये न्यायालयाने ती कंपनी मोडीत काढली. पुढे सरकारने मारुती उद्योग उभा केला, जपानच्या सुझुकी कंपनीशी १९८२ मध्ये करार केला आणि डिसेंबर १९८३ मध्ये पहिली मारुती ८०० रस्त्यावर आली. म्हणजे परवाना हे एक कुलूप होते, एकमेव नव्हे. एक मोटार हाताने घडविणे ही कारागिरी. तीच मोटार दहा हजार वेळा, प्रत्येक खिळा जागच्या जागी, असे घडविणे हे सर्वस्वी निराळे शास्त्र आहे. त्याला साचे लागतात, तपासणी लागते, गावोगावी विक्रेते लागतात, आणि या सर्वांपूर्वी पैसा लागतो. शंकररावांपाशी पहिली गोष्ट होती. दुसरी उभी करण्याची संधी त्यांना मिळाली नाही, त्यामुळे ते तेथे यशस्वी झाले असते की नाही हा प्रश्न कायमचा अनुत्तरित राहिला. हीच मला या कथेतली खरी हानी वाटते. टकर हरला असे म्हणता येते. मीरेच्या बाबतीत सामनाच झाला नाही.

येथे बेळगावकरांना त्यांच्याच गावची एक गोष्ट आठवत असेल. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी आपला उद्योग मांडला तो बेळगावात, सायकलच्या दुकानापासून. त्यांनी लोखंडी नांगर काढला, तर लोखंडाने जमीन विषारी होते अशी शेतकऱ्यांची समजूत. पहिला नांगर खपावयास दोन वर्षे लागली असे सांगतात. पुढे नगरपालिकेला जागा हवी झाली आणि त्यांना बेळगाव सोडावे लागले. त्या वेळी औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी माळरान दिले, कर्जाऊ दहा हजार रुपये दिले, आणि १९१० साली किर्लोस्करवाडी वसली. लक्ष्मणरावांचे कर्तृत्व मी कमी लेखीत नाही. पण एका नमुन्यामागे एक संस्थानिक उभा राहिला, दुसऱ्याच्या काळी संस्थाने विलीन झाली होती आणि त्यांच्या जागी अर्जाचे नमुने आले होते. पाहा, पुन्हा तोच शब्द.

एक सावधगिरीची सूचना मात्र केली पाहिजे. शिवकर बापूजी तळपदे यांनी १८९५ मध्ये मुंबईत विमान उडविले, अशी कथा आपल्याकडे मोठ्या अभिमानाने सांगितली जाते. तिला समकालीन विश्वासार्ह पुरावा नाही. आणि तिच्याशी ज्या वैमानिकशास्त्राचा संबंध जोडतात, त्यातली विमाने उडणे शक्य नाही असे बेंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील अभ्यासकांनी १९७४ मध्येच दाखवून दिले. न उडालेल्या विमानाची आरती आपण ओवाळतो, आणि प्रत्यक्ष धावलेल्या, छायाचित्रांत दिसणाऱ्या मोटारीचे नाव या सभागृहातल्या किती जणांनी आजपूर्वी ऐकले होते? हात वर करू नका, मला अंदाज आहे.

जाता जाता एक काम सांगतो. गुरुजी असते तर त्यांनीही सांगितलेच असते. या शाळेतून बाहेर पडलेली पुष्कळ मुले उद्यमबागेतल्या ओतशाळांत, लेथवर, गॅरेजांत आयुष्यभर राबली. त्यांपैकी कोणी ना कोणी काही तरी घडविलेले असणार: भात मळण्याचे यंत्र, ऊस तोडण्याचे हत्यार, एखादा पंप, जो पुढे निघाला नाही आणि मागच्या पडवीत गंजत पडला. त्याचा कागदावरचा आराखडा, एखादे जुने छायाचित्र, मिस्त्रीने वहीत लिहून ठेवलेली मापे असे जे सापडेल ते शाळेच्या ग्रंथालयात आणून द्यावे. मुख्याध्यापकांशी मी बोललो आहे. नकाशांच्या कपाटाचा खालचा कप्पा त्यांनी मोकळा करून ठेवला आहे. इचलकरंजीकडे ज्यांचे सोयरेधायरे आहेत त्यांनी मीरेविषयीही विचारून पाहावे. तिच्यातून बसून गेलेला एखादा वृद्ध अजून भेटेल.