पेशीबाहेरचे पचन



ज्या सजीवाला तोंड नाही, जठर नाही आणि ज्याची लांबी जेमतेम काही मायक्रोमीटर भरते, त्याने शेतात पडलेले उसाचे पाचट खावे तरी कसे, हा प्रश्न वरवर गमतीचा वाटला, तरी मातीच्या सुपीकतेचे बरेचसे शास्त्र त्याच्या उत्तरात सामावलेले आहे. पाचटातील सेल्युलोज म्हणजे ग्लुकोजचे असंख्य रेणू एकापुढे एक जोडले जाऊन तयार झालेला महारेणू असून तो जिवाणूच्या पेशीपटलातून आत शिरू शकत नाही. म्हणून मातीतील जिवाणू विकरे, म्हणजे रासायनिक क्रियांचा वेग वाढवणारी प्रथिने, पेशीबाहेर सोडतात आणि तेथे सुटे झालेले लहान रेणू शोषून घेतात.

बॅसिलस सबटिलिस हा मातीत सर्रास आढळणारा जिवाणू स्टार्च तोडणारे अमायलेज आणि प्रथिने तोडणारे सबटिलिसिन अशी विकरे बाहेर टाकतो. बाहेर जाणाऱ्या प्रथिनाच्या आरंभी अमिनो आम्लांचा एक छोटा तुकडा, संकेतपट्टी, असतो, जो पटल ओलांडताना छाटला जातो. प्रथिनांच्या अंगातच त्यांचा पत्ता लिहिलेला असतो, हे दाखवून देणाऱ्या गुंटर ब्लोबेल यांना १९९९ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

मात्र विकर बनवता येणे ही या कौशल्याची निम्मीच बाजू होय. बाहेर गेलेले विकर परत येत नाही, ते पाण्याबरोबर वाहून जाऊ शकते आणि त्याने सुटी केलेली साखर शेजारचा जिवाणूही फुकटात उचलू शकतो; म्हणूनच आयते ग्लुकोज उपलब्ध असेपर्यंत बॅसिलस अमायलेजचे जनुक दाबून ठेवतो, आणि सबटिलिसिनचे उत्पादन तर पोषणद्रव्ये संपत आल्यावरच जोर धरते. कीटकांच्या कवचातील कायटिन पचवणारे स्ट्रेप्टोमायसिस वेगळा मार्ग धरतात: कायटिनच्या विघटनातून सुटलेले लहान तुकडे पेशीत पोहोचले, की तीच बाहेर अन्न असल्याची खूण ठरते आणि कायटिनेजचे उत्पादन वाढते. याहून विलक्षण गोष्ट अशी, की बॅसिलसच्या एकाच वसाहतीत, जनुके सारखीच असूनही, सबटिलिसिन मोठ्या प्रमाणात बनवणाऱ्या पेशी थोड्याच असतात आणि लाभ मात्र सर्वांना होतो. स्नेहसंमेलनाचा मांडव घालणाऱ्यांना ही व्यवस्था अपरिचित वाटू नये.

बाहेरची परिस्थिती बदलली, की त्याच विकराचे मोलही बदलते. दख्खनच्या बेसाल्टपासून बनलेल्या काळ्या जमिनीत माँटमोरिलोनाइट या फुगणाऱ्या चिकणखनिजाचे प्रमाण मोठे असते. त्याच्या कणांना चिकटलेले विकर सहजी नष्ट होत नाही, पण बहुधा मंदावते. लोणार सरोवरासारख्या ठिकाणी, जेथे पाण्याचा सामू दहाच्या आसपास असतो, अडचण अधिक टोकाची होते: अल्कप्रेमी जिवाणू पेशीच्या आतला सामू बाहेरच्यापेक्षा बराच कमी राखू शकतो, परंतु बाहेर सोडलेल्या विकराला असा आडोसा मिळत नसल्यामुळे त्या विकराची घडणच अल्कात टिकणारी असावी लागते. लोणारमधून असे जिवाणू वेगळे काढण्यात आलेले आहेत, आणि धुण्याच्या पावडरीत रक्ताचे वा दुधाचे डाग काढणारी प्रथिनभंजक विकरेही याच गुणामुळे उपयोगी पडतात, कारण साबणाचे पाणी अल्कधर्मी असते.

पाचट कुजवताना त्यावर युरिया टाकण्याची शिफारस का केली जाते, हेही येथे उलगडते. पाचटात कर्ब भरपूर आणि नत्र अत्यल्प असते. विकरे स्वतः प्रथिने असल्यामुळे, आणि नव्या पेशी बांधायलाही नत्र लागत असल्यामुळे, नत्राच्या तुटवड्यात जिवाणू अन्नाच्या ढिगावर बसूनही उपाशी राहतात.

या साऱ्याचा पडताळा महाविद्यालयीन प्रयोगशाळेतही घेता येतो. स्टार्च घातलेल्या आगारावर मातीचे विरल द्रावण पसरून दोन दिवसांनी आयोडिन ओतले, तर ताटली निळीकाळी होते आणि अमायलेज सोडणाऱ्या वसाहतींभोवती तेवढे स्वच्छ वलय उरते. दुसऱ्या ताटलीत स्टार्चबरोबर ग्लुकोजही घालून तीच माती पसरली, तर किती वलये आक्रसतात आणि किती तशीच राहतात, याची मोजणी शिक्षकांच्या देखरेखीखाली विद्यार्थ्यांनी अवश्य करावी. आक्रसलेल्या वलयांइतकीच न आक्रसलेली वलयेही तपासण्याजोगी असतात.