एका कुपीचा जमाखर्च

बुलढाणा जिल्ह्यात घाटावरचा आणि घाटाखालचा हा भेद पूर्वापार बोलला जातो. परंतु खामगावच्या कापूस-चांदीच्या पेढ्यांपासून संग्रामपूर, जळगाव जामोद या तालुक्यांतील सातपुड्याच्या पायथ्याशी वसलेल्या आदिवासी वस्त्यांपर्यंत गेले असता संपत्तीचा जो भेद दृष्टीस पडतो, त्याचे माप लसीच्या एका इवल्याशा कुपीतही सापडते.

गोवर-रुबेलाची लस दोन ते आठ अंश तापमानात जपत न्यावी लागते, आणि कुपीतील भुकटीत एकदा द्रावण मिसळले, की चार तासांनंतर उरलेली लस टाकून देण्यावाचून गत्यंतर नसते. पाच बालकांपुरती ही कुपी मोठ्या गावात सहज खपते. ज्या वस्तीत त्या दिवशी दोनच बालके हजर, तिथे तीन मात्रा वाया जातात, नर्सबाईंची पायपीट निराळीच. दप्तरातला हिशेबनीस अशा वस्तीपुढे ‘खर्च अवाजवी’ असा शेरा मारील. हा शेरा मला साफ चुकीचा वाटतो; कारण सुपोषित, डॉक्टर हाताशी असलेल्या घरातले मूल गोवरातून बहुधा उठते, तर कुपोषित मुलाला त्याच गोवरापाठोपाठ न्यूमोनिया किंवा अतिसार गाठतो, आणि म्हणून जिथे मात्रा महाग पडते तिथेच ती अधिक जीव वाचवते.

अल्प व मध्यम उत्पन्नाच्या 94 देशांविषयी 2016 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाचा अंदाज असा, की लसीकरणावरील एका डॉलरमागे आजारपणामुळे होणारे सुमारे 16 डॉलरांचे नुकसान टळते. आकडा मोठा आहे, पण तो सरासरीचा आहे, आणि सरासरीत खामगावची पेढी व सातपुड्यातली झोपडी एकाच ओळीत बसतात. लस स्वस्त करण्याची विद्या तर आपल्याच मुलखात आहे: 2010 साली बुर्किना फासोपासून आफ्रिकेत दिली जाऊ लागलेली मेंदूज्वराची लस पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने अर्ध्या डॉलरहूनही कमी किमतीत पुरवली.

आपल्याकडे गोवर-रुबेलाची लस सरकार मोफत देते. मात्र कापूस-वेचणीच्या हंगामात उपकेंद्रावर जाणाऱ्या आईचा रोज बुडतो, आणि पुढे मुलाला लसीचा ताप आला तर त्या दिवसाचाही. ही रक्कम कोणत्याही सरकारी ताळेबंदात चढत नाही. तेव्हा शेतकरी बंधूंनो, आपल्या शेतात वेचणीला येणाऱ्या बाईच्या कडेवर नऊ महिन्यांचे मूल असेल, तर लसीच्या दिवशी तिला अर्धा दिवस मोकळी सोडा, आणि तेवढ्या वेळची मजुरीही तिच्या हातावर ठेवा.