वाड्यावरची एक रात्र



दिवाळी आटोपली की सांगवीच्या शिवारात मेंढरांचे कळप दिसू लागतात. आपण सर्वांनी ते पाहिले आहेत. फलटणच्या रस्त्यावर मोटार अडली म्हणून चार शब्द पुटपुटतही पाहिले आहेत. पण त्या माणसांच्या चुलीशी जाऊन बसावे, असे आम्हांला पन्नाशी उलटेपर्यंत सुचले नव्हते. सुचले तेही एका परक्यामुळे. हायडेलबर्ग विद्यापीठाचे गुंथर सोंथायमर (१९३४–१९९२) जर्मनीहून इकडे आले, धनगरांमध्ये हिंडले, त्यांच्या ओव्या ऐकल्या, आणि बिरोबा, म्हस्कोबा व खंडोबा या दैवतांवर १९७६ साली ग्रंथ लिहिला. तो इतक्या दुरून येतो आणि आम्ही दोन मैलांवर राहून जात नाही, याची लाज वाटली. गेल्या कार्तिकात आम्ही तिघे मित्र वाड्यावर गेलो.

हा वाडा चिरेबंदी नव्हे. दहा-बारा बिऱ्हाडे, त्यांची मेंढरे, ओझ्याची घोडी, कुत्री आणि डालग्यातल्या कोंबड्या मिळून ते एक चालते गाव असते. आज या रानात, उद्या पुढच्या. असे करीत घाट उतरून कोकणात जायचे आणि पावसाच्या तोंडाला परत फिरायचे.

आमचा पहिलाच प्रश्न शहाणपणाचा नव्हता. "बाबा, ही जुनी चाल तुम्ही सोडत का नाही?" म्हाताऱ्याने बंडीतून मोबाईल काढला. "पावनं, ह्यो जुना हाय व्हय?" मग कळले की दमलेली कोकरे आता टेंपोने घाट उतरतात. फलटणच्या निंबकर संस्थेने बंगालच्या गरोळ मेंढीचा जुळे देण्याचा गुण आपल्या दख्खनी मेंढीत आणला, ती 'सुवर्णा'ही त्यांना ठाऊक होती. तिच्यावर रात्री शेकोटीशी जो वाद झाला तो ऐकण्यासारखा होता. चालत्या वाड्यात एका मेंढीचे दूध दोन कोकरांना पुरेल का? दुसरे कोकरू वाहायचे कोणी? अखेर एका बिऱ्हाडाने दोन मेंढ्या आणून पाहाव्यात, बाकीच्यांनी थांबावे, असे ठरले.

अमेरिकेत पेनसिल्व्हेनियात अमिश नावाचे शेतकरी आहेत. घोडागाडीत बसणारे म्हणून लोक त्यांना पाहायला जातात. टेलिफोन घरात नको, पण शेताच्या कडेला सामाईक खोपटात चालेल, असे काही वस्त्यांनी मिळून ठरविले आहे. नवे काय घ्यायचे हे एकेकट्याने नव्हे, सर्वांनी बसून ठरवायचे. त्या शेकोटीशी आम्हांला त्यांची आठवण झाली. मात्र अमिश माणसाला स्वतःची जमीन आहे. वाड्याला दुसऱ्याचे रान लागते.

खरा पेच येथे आहे. मेंढरे रात्रभर रानात बसली की लेंडीचे आणि मुताचे खत मिळते. शेतकरी त्याबद्दल धान्य किंवा रोकड देतो. कोकणात भात निघाल्यावर खाचरे मोकळी असतात, तेथे हा व्यवहार अजून चालतो. आपल्याकडे १८८५ च्या सुमारास नीरेचा डावा कालवा आला, मागून ऊस वाढला. ऊस वर्ष-दीड वर्ष उभा, त्यावर खोडवा. मेंढरू बसायचे कोठे?

भाकरी थापणाऱ्या आक्का मध्येच म्हणाल्या, "लेक मामाकडं शाळंला ठिवलीया. आता गाठ पडायची ती जेष्ठात." शिक्षणाचे महत्त्व सांगण्याच्या तयारीने गेलेले आम्ही, गप्प बसलो.

पहाटे निघताना म्हाताऱ्याने आमच्या मित्राला विचारले, "आबा, परतीला तुमच्या रानात किती राती?" मित्राची सगळी जमीन उसाखाली. तो नुसता हसला. वाटेत मात्र कोणाशी बोलला नाही.

यंदा ऊस तुटल्यावर नदीकडच्या दोन एकरांत त्याने खोडवा राखला नाही. घरी त्यावरून बरेच झाले, ते येथे सांगत नाही. परवा महाडच्या बाजूने फोन आला, "रान मोकळं हाय का?" मित्राने होय म्हटले. मृगाआधी वाडा घाट चढेल. किती रात्री बसायचे आणि रात्रीला काय द्यायचे, हे अजून ठरायचे आहे. बाबा सौद्याला कच्चे नाहीत.