सही करण्याआधी नकाशा मागा

गोवंडीच्या नटवर पारेख कंपाउंडमध्ये मी गेले, तेव्हा भर दुपारी जिना चढताना मोबाइलची बॅटरी लावावी लागली. सातमजली इमारती, मधलं अंतर जेमतेम तीन मीटर. झोपडीच्या बदल्यात लोकांना 225 चौरस फुटांचं पक्कं घर मिळालं. ऊन-वारा मात्र नाही. 2018 च्या एका अभ्यासाने तिथल्या क्षयरोगाचा संबंध याच रचनेशी जोडला. खालच्या मजल्यांवर धोका जास्त. क्षयाची औषधं सरकार मोफत देतं, पण खिडकीची जागा नकाशातच ठरते. म्हणून पुनर्विकासाच्या संमतीपत्रावर अम्मी-अब्बूंची सही होण्याआधी तुम्ही नकाशा मागा. विचारा : ऊन कुठून येणार? दोन इमारतींत अंतर किती? बिल्डर टाळाटाळ करेल. तरी उत्तर लेखीच घ्या.