पडद्याच्या तळाशी दोन ओळी
(शताब्दी व्याख्यानमालेतील भाषणाचा मजकूर)



ग्रंथालयाच्या शताब्दीत ग्रंथांचे गुणगान व्हावे, हा रिवाजच आहे. आजचा विषय मात्र ग्रंथांच्या कपाटाशेजारी गेल्या पंचवीस वर्षांत येऊन बसलेल्या तबकड्यांचा आहे. सुतारकाम, शिवणकाम, वीजजोडणी, ठिबक सिंचन, प्रथमोपचार असे नाना विषय शिकविणाऱ्या या डीव्हीडी पुष्कळ ग्रंथालयांनी जमविल्या. त्यांतील बहुतेक इंग्रजीत बोलतात, काही हिंदीत. ज्याने त्या पाहाव्यात, त्याची भाषा त्यांत असतेच असे नाही. ही उणीव भरून काढणारे साधन म्हणजे पडद्याच्या तळाशी उमटणाऱ्या दोन ओळी. ज्यांना उपशीर्षके किंवा नित्याच्या बोलीत सबटायटल्स म्हणतात, त्या.

हा विषय बडोद्याला परका नाही. महाराज सयाजीराव गायकवाड यांच्या आश्रयाने १८९० साली येथे कलाभवन उभे राहिले. त्रिभुवनदास गज्जर यांच्या त्या संस्थेमागे धंदेशिक्षण मातृभाषेतून द्यावे हा आग्रह होता. पुढे १९१० साली अमेरिकेहून आलेल्या विल्यम बॉर्डन यांनी संस्थानच्या ग्रंथालय खात्याची घडी बसविली. या खात्यात दृश्यशिक्षणाची एक स्वतंत्र शाखा होती आणि जादूच्या कंदिलाच्या काचा नि चलच्चित्रे खेड्यापाड्यांतील लोकांना दाखविली जात. ग्रंथालयाने चित्र दाखवून शिकवावे, ही कल्पना येथे शंभर वर्षांहून जुनी आहे. चित्राला वाणी नसे. ते समजावून देण्यास त्याच्याशेजारी उभा राहून लोकांच्या भाषेत बोलणारा माणूस लागे. उपशीर्षक हे त्या माणसाचेच काम करते. फरक इतकाच, की तो माणूस तबकडीत जाऊन बसला आहे.

तबकडीत तो बसतो कसा, हे जाणून घेणे उद्बोधक आहे. डीव्हीडी प्रथम १९९६ साली जपानमध्ये बाजारात आली. तिच्या रचनेत एका चित्रपटासोबत आठ ध्वनिपट्टे आणि बत्तीस उपशीर्षकपट्टे ठेवण्याची सोय आहे. ही उपशीर्षके अक्षरे म्हणून साठविलेली नसतात, तर लहान लहान चित्रे म्हणून साठविलेली असतात. प्रथम मूळ निवेदन ऐकून ते उतरवून घ्यावयाचे, प्रत्येक वाक्य केव्हा उमटावे व केव्हा पुसले जावे, याच्या वेळा नोंदवावयाच्या, मग भाषांतर, मग त्या ओळींची चित्रे, आणि शेवटी ती चित्रे चलच्चित्राशी गुंफून तबकडी तयार करावयाची. पाहणाऱ्याने दूरनियंत्रकाचे बटण दाबले की त्याला हवी ती भाषा समोर येते.

ओळ चित्ररूप असल्याचा देवनागरीला मोठा लाभ झाला. यंत्रात मराठीचा टंक आहे की नाही, हा प्रश्नच उरला नाही. जोडाक्षर एकदा नीट काढले की सर्वत्र नीटच उमटणार. मराठीत या गोष्टीला किती महत्त्व आहे, हे 'आचार्याला' आणि 'आचाऱ्याला' या दोन शब्दांवरून कळेल. पहिला विद्यादान करणारा, दुसरा स्वयंपाक करणारा. मध्ये अंतर केवळ रेफ आणि अर्धा र यांचे. 'वडोदऱ्यात' हा शब्द लिहितानाही तोच अर्धा र लागतो. मात्र चित्ररूपाची दुसरी बाजूही आहे. तबकडी एकदा छापली गेली की तिच्यातील चूक दुरुस्त होत नाही. नवी तबकडीच काढावी लागते. ग्रंथाला शुद्धिपत्र जोडता येते, तबकडीला नाही.

आणि प्रशिक्षणाच्या चित्रफितीतील चूक ही कथा-कादंबरीतील मुद्रणदोषासारखी हसून सोडून देण्याजोगी नसते. करमणुकीच्या चित्रपटात एखादा संवाद निसटला तर रसहानी होते. येथे हात जायबंदी होऊ शकतो. एक उदाहरण पाहू. कारखान्यातील चित्रफितीत सूचना असते : 'संरक्षक जाळी बसविल्याशिवाय यंत्र सुरू करू नका.' इंग्रजीत निषेध वाक्याच्या आरंभीच येतो. मराठीत, गुजरातीत, हिंदीत तो अखेरीस येतो. वेळेच्या ओढाताणीत हे वाक्य दोन तुकड्यांत विभागले गेले, तर पडद्यावर 'यंत्र सुरू' एवढेच दिसेल आणि नेमक्या त्याच क्षणी चित्रातील हात बटणाकडे जाताना दिसेल. 'करू नका' हे शब्द येतील ते नंतर. म्हणून जाणता भाषांतरकार येथे मुळातील क्रम सोडतो आणि लिहितो : 'थांबा! आधी जाळी बसवा. मगच यंत्र सुरू करा.' वाक्य आखूड झाले, निषेध विधीत बदलला, आणि कामाचा क्रम डोळ्यांपुढे उभा राहिला. यालाच भाषांतर म्हणतात. शब्दाला शब्द ठेवणे ही केवळ हमाली होय.

उपशीर्षकाला घड्याळाचे बंधन असते. दोन भरलेल्या ओळी सुमारे सहा सेकंद ठेवाव्यात, रोमन लिपीत एका ओळीत चाळीसच्या आसपास अक्षरे असावीत, असा संकेत रूढ आहे. देवनागरीत वर वेलांटी व मात्रा, खाली उकार. त्यामुळे दोन ओळींत अंतर अधिक सोडावे लागते, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेत अडकतो. त्यात ज्याला शिकावयाचे आहे, त्याचे डोळे कारागिराच्या हातांवरही हवेत. म्हणून ओळ जितकी आखूड, तितकी ती उपकारक.

शब्दांचा प्रश्न याहून नाजूक आहे. पाना, पक्कड, कानस, रंधा, ओळंबा हे शब्द कामगारांच्या तोंडी आहेत. ते टाकून कोशातील जड प्रतिशब्द वापरणे म्हणजे परकी भाषा हटवून दुसरी परकी भाषा आणणे होय. उलट 'बेअरिंग', 'व्हॉल्व्ह', 'फ्यूज' हे शब्द कारखान्यात रुळले आहेत. ते तसेच ठेवावेत. पण एकदा एक शब्द निवडला की अखेरपर्यंत तोच हवा. या शिस्तीचा आदर्शही बडोद्यानेच घालून दिला आहे. १९३१ साली प्रसिद्ध झालेल्या 'श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु' या कोशात राज्यकारभाराच्या संज्ञा आठ भाषांत शेजारी शेजारी मांडल्या आहेत. बहुभाषिक उपशीर्षकांना अशाच एका कोष्टकाची गरज असते : एका यंत्रभागासमोर मराठी, गुजराती आणि हिंदी शब्द.

उपशीर्षक हाच सर्वांवर उतारा आहे, असे मात्र नव्हे. ज्याला अक्षरओळख नाही, त्याला आवाजच हवा. मुंबईच्या आयआयटीतील 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्पाने संगणकशिक्षणासाठी निवेदनच भारतीय भाषांत नेले. परंतु जेथे यंत्रांच्या घरघरीत आवाज ऐकू येत नाही, किंवा पाहणारा कर्णबधिर आहे, तेथे लिखित ओळीला पर्याय नाही. शिवाय वाचन अडखळत करणाऱ्यालाही तिचा लाभ होतो. अहमदाबादच्या आयआयएममधील ब्रिज कोठारी यांनी १९९६ पासून या कल्पनेचा पाठपुरावा केला आणि १९९९ साली अहमदाबाद दूरदर्शनवरील 'चित्रगीत' कार्यक्रमात गुजराती गाण्यांखाली गुजराती ओळी दिसू लागल्या. गाणे ऐकता ऐकता वाचनाचा सराव व्हावा, हा त्यामागील हेतू होता.

आता तबकडीचा जमाना ओसरला आहे. चित्रफिती भ्रमणध्वनीवर पाहिल्या जातात आणि उपशीर्षके साध्या मजकुराच्या रूपात सोबत येतात. चूक दुरुस्त करणे सोपे झाले, पण वाक्य कोठे तोडावे आणि शब्द कोणता घ्यावा, हे प्रश्न जसेच्या तसे राहिले. यंत्र आज कच्चे भाषांतर क्षणात करून देते; ते तपासणारा माणूस मात्र भाषा आणि काम दोन्ही जाणणारा हवा.

असा माणूस ग्रंथालयाच्या सभासदांतच असतो. सेवानिवृत्त अभियंते, परिचारिका, शिक्षक, कारखान्यात आयुष्य घालविलेले फोरमन ही मंडळी रोज वृत्तपत्र वाचावयास येतात. हक्कधारकाची लेखी परवानगी घेऊन एखादी दहा मिनिटांची चित्रफीत निवडावी. एकाने मराठी, दुसऱ्याने गुजराती ओळी लिहाव्यात. आणि छापण्यापूर्वी ज्याच्यासाठी ती आहे, अशा एका कामगाराला दाखवून पाहावे. तो जेथे अडखळेल, तेथे ओळ बदलावी. वापरलेल्या शब्दांची एक वही ग्रंथालयात ठेवावी.

शंभर वर्षे या संस्थेने परप्रांती मराठी ग्रंथ जपला. भाषा वाचनालयात जपली जाते, पण जगते ती कामाच्या जागी. तेथे तिला दोन ओळींची जागा मिळवून देणे, हे दुसऱ्या शतकाच्या आरंभी करण्याजोगे काम आहे.