मुलांचे मौन आणि शाळेची जबाबदारी



घंटेपूर्वीच दप्तर घेऊन उंबऱ्याबाहेर पडणारी मुलगी एखाद्या सकाळी पोट दुखते म्हणून अंथरुणातून उठत नाही. डॉक्टरांना काही आढळत नाही. पुढील आठवड्यात त्याच वारी पोट पुन्हा दुखते. घरची मंडळी ह्यास अभ्यासाचा कंटाळा समजतात. त्या वारी वेळापत्रकात कोणता तास असतो आणि तो कोण घेते, हे पाहण्याचे सहसा कोणाला सुचत नाही.

लैंगिक छळ सोसणारे मूल तोंडाने क्वचितच सांगते. पुष्कळदा त्याच्यापाशी ते शब्दच नसतात. शाळेतील स्वच्छतागृह टाळण्यासाठी ते दिवसभर पाणी पीत नाही, सुटलेली अंथरूण ओले करण्याची सवय पुन्हा जडते, विशिष्ट व्यक्ती दिसताच ते आक्रसते. ह्यांतील एखादे लक्षण अन्य कारणानेही संभवते. तथापि वागण्यातील आकस्मिक बदल आस्थेने चौकशी करण्यास पुरेसा आहे. मोठ्यांच्या वर्तनाकडेही लक्ष हवे. एकाच विद्यार्थ्याला शाळा सुटल्यावर एकटे थांबविणे, खाऊ किंवा भेटी देणे, रात्री मोबाईलवर संदेश धाडणे आणि ‘घरी सांगू नकोस’ असे बजावणे, ह्याला जिव्हाळा म्हणता येत नाही.

केंद्र शासनाने 2007 साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत 13 राज्यांतील निम्म्याहून अधिक बालकांनी कोणत्या ना कोणत्या लैंगिक अत्याचाराचा अनुभव सांगितला. त्यांत मुलगे मुलींपेक्षा किंचित अधिकच होते. मुलग्यांना मात्र कोणी विचारीतही नाही!

‘शाळेचे नाव जाईल’ ह्या धास्तीने प्रकरण आवारातच मिटविण्याची प्रवृत्ती सर्वांत घातक. 2012 च्या पोक्सो कायद्यानुसार गुन्हा घडल्याची माहिती असणाऱ्याने पोलिसांना कळविणे बंधनकारक आहे. हाताखालील व्यक्तीचा गुन्हा दडविणाऱ्या संस्थाप्रमुखास एक वर्षापर्यंत कारावास होऊ शकतो. ऑगस्ट 2024 मध्ये बदलापूर येथील दोन चिमुकल्यांच्या प्रकरणी माहिती न दिल्याबद्दल शाळेच्या पदाधिकाऱ्यांवरही गुन्हा नोंदविला गेला.

मूल बोलू लागले की ते शांतपणे ऐकावे. ‘तेव्हाच का नाही सांगितलेस?’ हा प्रश्न टाळावा, आणि तीच हकीकत दहा जणांपुढे वदवून घेऊ नये. पोलिसांची धास्ती वाटणाऱ्या पालकांनी एवढे जाणावे की, जबाब मुलाच्या घरी घेता येतो, शक्यतो महिला अधिकारी तो घेते आणि त्या वेळी तिच्या अंगावर गणवेश नसतो. साहाय्यासाठी 1098 हा दूरध्वनी क्रमांक विनामूल्य आहे. तो मूल स्वतःही फिरवू शकते.